दिवा घे

‘गेम’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गाड्या, बंदुका, क्रिकेट, हॉस्टेलच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत चाललेला आरडाओरडा... बरोबर? आता प्रश्न जरा बदलते. डोळ्यांसमोर काहीच येत नसेल तर? म्हणजे ज्याला दिसतच नाही, त्याने कुठला गेम खेळायचा?

यावर बहुतेक जणांचं उत्तर असतं की त्यांच्यासाठी वेगळे गेम्स बनवावेत, आवाजाचे. तसे आहेतही, आणि चांगले आहेत. पण या लेखात मी उलट्या बाजूने जाणार आहे. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचा एक गेम असा आहे की ज्यात मुळात बघण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टमध्ये आम्ही तिघांनी तो पुन्हा उभा केला. मराठीत, आणि स्क्रीन रीडरवर नीट चालेल असा. त्यात जे शिकायला मिळालं ते डेटा स्ट्रक्चर्सच्या लेक्चरला मिळालं नव्हतं (सर, राग मानू नका!), म्हणून हा लेखनप्रपंच. मी कॉन्व्हेंटची. दहावीनंतर मराठीत सलग दोन पानं लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या.

गेमचं नाव ‘अ‍ॅडव्हेंचर’. पूर्ण नाव ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’. लिहिणारा विल क्राउदर हा अमेरिकेत बीबीएन नावाच्या कंपनीत प्रोग्रॅमर होता. ज्या आर्पानेटपासून पुढे इंटरनेट झालं, त्या नेटवर्कच्या राउटरसारख्या मशीनचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी तो एक. पण त्याचा खरा छंद म्हणजे गुहा. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची प्रचंड लांब गुहा आहे. तिथे क्राउदर आणि त्याची बायको पॅट्रिशिया दोघंही गुहेत उतरून मोजणी करायचे. 1972 मध्ये मॅमथ केव्ह आणि शेजारची फ्लिंट रिज ही गुहांची रांग आतून जोडलेली आहे हे ज्या टीमने शोधलं, त्यात पॅट्रिशिया होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुली भेटायला आल्या की त्यांना खेळायला काहीतरी असावं म्हणून क्राउदरने 1975-76 च्या सुमारास पीडीपी-10 या मशीनवर, फोरट्रानमध्ये, हा गेम लिहिला. 1976 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सच्या हाती तो लागला. वुड्सला क्राउदरचा पत्ता माहीत नव्हता, म्हणून त्याने तेव्हाच्या नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनवर ‘क्राउदर’ या नावाने मेल पाठवली! परवानगी मिळाली आणि 1977 मध्ये वुड्सने त्यात खजिने, 350 गुण वगैरे भर घातली. आज ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणून जो ओळखतात तो हा.

खेळ कसा? कॉम्प्युटर सांगतो, तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, इथे हे हे आहे, वाट तिकडे जाते. तुम्ही एक किंवा दोन शब्द टाइप करायचे. ‘उत्तर’, ‘खाली’, ‘दिवा घे’. मग तो सांगतो काय झालं. बस्स. त्या काळात कितीतरी ठिकाणी स्क्रीनसुद्धा नव्हता, टेलिटाइपवर कागदावर छापून यायचं. याच वळणावर पुढे एमआयटीच्या मुलांनी ‘झॉर्क’ लिहिला, त्यातून इन्फोकॉम कंपनी निघाली. त्यांनी गेम एका काल्पनिक मशीनसाठी लिहून प्रत्येक कॉम्प्युटरवर त्या मशीनचा नकली अवतार चालवायची युक्ती केली. म्हणजे आपण जावाच्या पेपरात ‘व्हर्च्युअल मशीन’वर टिपा लिहितो ना, तेच, पण 1979 मध्ये. ‘झॉर्क’च्या पहिल्या तीन भागांचा सोर्स कोड 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने खुला केला. ‘अ‍ॅडव्हेंचर’ त्याआधीच, 2017 मध्ये, एरिक रेमंडने क्राउदर आणि वुड्स यांच्या परवानगीने ‘ओपन अ‍ॅडव्हेंचर’ म्हणून सी भाषेत खुला केला होता. तो 430 गुणांचा, वुड्सच्याच 1995 च्या आवृत्तीवरून केलेला. आम्ही तोच घेतला.

आता ‘आम्ही’मधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. (नाव छापू नकोस म्हणालेत.) बँकेत नोकरी, रोज डोंबिवली-ठाणे लोकल, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात आधी रात्रीचं दिसायचं कमी होतं, मग बाजूचं, आणि नजर बोगद्यासारखी अरुंद होत जाते. कॉलेजात असताना स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये डॉसच्या काळ्या पडद्यावर त्यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ खेळलेला. तेव्हा मधलं थोडं दिसायचं. तो पूर्ण झाला नाही, क्लास संपला, नोकरी लागली, नजर गेली. आज ते एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने तो सुरू केला, मग जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला मिळाला. फुकट आणि ओपन सोर्स. त्याच्याबरोबर येणारा ईस्पीकचा आवाज अगदीच रोबोटसारखा, पण काका तो इतक्या वेगात ऐकतात की शेजारी बसलेल्या मला फक्त मिक्सर चालू असल्यासारखं वाटतं.

मी त्यांना विचारलं, काका, तुमच्यासाठी एखादा सोपा, आवाजाचा गेम करू का आम्ही प्रोजेक्टला? तर म्हणाले, “अगं, नवीन कशाला? माझा जुना राहिलाय तो दे की.”

आता थोडा अभ्यास. ही गुहा कॉम्प्युटरमध्ये कशी ठेवलेली असते? चित्र म्हणून नाही, टेबल म्हणून. प्रत्येक जागेला एक नंबर. टेबलात लिहिलेलं की या जागेवरून ‘उत्तर’ म्हटलं तर त्या नंबरला जा, ‘खाली’ म्हटलं तर या नंबरला. आपण ज्याला ग्राफ म्हणतो आणि ज्याची अ‍ॅडजेसन्सी लिस्ट काढतो, तीच. रोजचं उदाहरण घ्या. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. ही आठ नोड्स. डाऊन म्हटलं की पुढचं, अप म्हटलं की मागचं. दिव्याला फाटे फुटतात, एक पनवेलकडे, एक वसईकडे. आपल्यातल्या किती जणांनी या लाइनचा नकाशा कधी बघितलाय? पण झोपेतून उठवून विचारलं तरी ‘कोपरनंतर काय’ हे सांगू. आपल्या डोक्यात चित्र नसतं, टेबलच असतो!

क्राउदरचं तर अगदी असंच होतं. गुहेची मोजणी करताना एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत फीत धरायची, होकायंत्राने दिशा घ्यायची, चढ-उतार मोजायचा आणि वहीत एक ओळ लिहायची. गंमत म्हणजे या खुणांना मोजणीवाले ‘स्टेशन’ म्हणतात. या ओळी कॉम्प्युटरमध्ये घालून मग नकाशा काढायचा. म्हणजे टेबल आधी, चित्र नंतर. गुहेत अंधारच असतो, एका वेळी दिव्यापुरतंच दिसतं. अख्खी गुहा ‘दिसणं’ हे डोळसांनासुद्धा कधी होत नाही.

खेळताना आपल्यासारखे लोक कागदावर गोल आणि बाण काढत बसतात. काका काय करतात? एक्सेल उघडतात. एक ओळ म्हणजे एक जागा. पहिल्या कॉलममध्ये नाव, मग उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, वर, खाली, आणि शेवटी ‘इथे काय टाकलंय’. एनव्हीडीए सेलबरोबर कॉलमचं नावही वाचतो, त्यामुळे त्यांना कुठल्या दिशेचा रस्ता कुठे जातो हे दोन बटणांत कळतं. मी ती फाइल बघितली आणि शेजारी ‘ओपन अ‍ॅडव्हेंचर’ची यॅमल फाइल उघडली, जिच्यात गेमचा सगळा मजकूर आणि प्रवासाचा टेबल असतो. दोन्ही जवळजवळ सारख्या! त्यांनी खेळता खेळता प्रोग्रॅमच्या पोटातला टेबल बाहेर काढला होता. माझ्या कागदावरच्या गोलांमध्ये मात्र बाण एकमेकांवरून गेल्याने तिसऱ्या दिवशी भेळ झाली होती.

तेव्हा मूळ गेममध्ये अंध माणसाला अडवेल असं फारसं काही नाही. अडचण येते ती नंतर लोकांनी ‘सुंदर’ करायला घातलेल्या गोष्टींची. कोणी डॅश-डॅशची चौकट काढतो, स्क्रीन रीडर ती इमानेइतबारे वाचतो. कोणी तारकांचा नकाशा काढतो. प्रत्येक वेळी कमांडच्या आधी ते टोकदार चिन्ह येतं आणि आवाज म्हणतो, ‘ग्रेटर’. दोनशे वेळा ‘ग्रेटर’ ऐकून बघा. हे सगळं काढायला आम्हाला एक संध्याकाळ लागली. काही घालावं लागलं नाही, फक्त काढावं लागलं.

दिव्याच्या बॅटरीचं प्रकरण मात्र एका संध्याकाळीत संपणारं नव्हतं.

गुहेत जायचं तर दिवा हवा. दिवा नसताना अंधारात चाललात तर दर पावलाला 100 पैकी 35 वेळा खड्ड्यात पडून मरण. (हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काका इतके हसले की काकू बाहेर आल्या. “म्हणजे मला पण अंधार दिसतोय म्हणून हा सांगणार!”) दिव्याची बॅटरी 330 टर्नची. सुरुवातीला गेम विचारतो, सूचना हव्यात का? ‘हो’ म्हटलं तर नवशिके समजून 1000 टर्न देतो, पण 5 गुण कापतो. आता नीट बघा. बॅटरी घड्याळावर चालत नाही, टर्नवर चालते. तुम्ही कमांड दिली नाही तर गुहेत वेळ थांबलेला. एक वाक्य पाच वेळा ऐका, चहा पिऊन या, काही फरक पडत नाही. म्हणूनच हे गेम अंध खेळाडूंना बरोबरीचे वाटतात. याच कुळातले ‘मड’ म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचे टेक्स्ट गेम, ज्यातला पहिला 1978 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात लिहिला गेला, तिथे असं चालत नाही. तिथे वाचून होईपर्यंत समोरच्याने तलवार चालवलेली असते. तरी अंध लोक तेही खेळतात, आणि चांगले खेळतात.

पण टर्नच्या या न्यायात एक बारीक फट आहे. समजा, जागेचं वर्णन आलं आणि कुकरची शिट्टी झाली. तुम्हाला-मला काय, नजर वर नेली की परत वाचलं. फुकट. ऐकणारा माणूस काय करेल? सगळ्यात सोपं म्हणजे ‘बघ’ ही कमांड परत देईल. ती एक टर्न झाली, दिवा पेटलेला असेल तर बॅटरीतून एक गेला. स्क्रीन रीडरमध्ये मागच्या ओळी चाळायची सोय असते, पण लांब उत्तर असेल तर नेमकी ओळ शोधत बसावं लागतं. त्यातून हा गेम एकदा बघितलेल्या जागेचं पूर्ण वर्णन दर वेळी देत नाही, एरवी छोटं नाव सांगतो आणि पाचव्या खेपेला एकदा पूर्ण. म्हणजे जो चुकून ऐकायचं राहिला त्याचा दिवा लवकर विझणार. 330 मधले समजा 60 असे गेले, तर तो वेगळाच, जास्त कठीण गेम खेळतोय.

आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, सोपं आहे, अंध आवृत्तीत बॅटरी संपूच द्यायची नाही. एका ओळीचा बदल. व्हायवाला सांगायलाही छान, ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी फीचर’. मी काकांना विचारलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग मी जिंकलो तर ते कोणाला सांगू? त्या 330 मध्येच जमलं पाहिजे. ट्रेनमध्ये मला जागा देतात ती मी घेतो, पाय दुखतात म्हणून. इथे कुठे पाय दुखतायत?” त्यांनी सूचनांच्या प्रश्नालाही ‘नाही’ म्हटलं. 1000 नको, 5 गुणही नको कापायला.

मग आम्ही केलं ते असं. ‘पुन्हा’ असा एक शब्द ठेवला, जो गेमच्या इंजिनपर्यंत पोचतच नाही. शेवटचं उत्तर एका बफरमध्ये ठेवलेलं असतं, तेच परत छापलं जातं. टर्न वाढत नाही. ‘पुन्हा 3’ म्हटलं तर तीन उत्तरं मागे. डोळस माणूस नजर वर नेऊन जे फुकट करतो, तेवढंच. त्याहून एक कणही जास्त नाही. याची खात्री काकांनी स्वतः केली. बॅटरीचा आकडा मला छापायला लावून दहा वेळा ‘पुन्हा’ टाइप केलं आणि आकडा हलत नाही म्हटल्यावरच मान डोलावली. बँकवाले ते, बॅलन्स टॅली झाल्याशिवाय उठायचे नाहीत.

आता मराठीकडे वळते. इंग्रजीत ‘टेक लॅम्प’, आधी क्रियापद मग वस्तू. मराठीत ‘दिवा घे’. म्हणजे पार्सरने शेवटच्या शब्दाला क्रियापद धरायचं. एवढंच असतं तर किती बरं! पण आपण ‘पक्षी पिंजऱ्यात ठेव’ म्हणतो. डिक्शनरीत आहे ‘पिंजरा’, टाइप झालंय ‘पिंजऱ्यात’. ‘दिवा’चं ‘दिव्याला’, ‘किल्ल्या’चं ‘किल्ल्यांनी’. सामान्यरूप! शाळेत हा प्रश्न मी ऑप्शनला टाकायचे. शेवटी प्रत्येक नामाबरोबर त्याचं सामान्यरूपही डिक्शनरीत भरलं आणि पुढचा प्रत्यय काहीही असला तरी चालेल असं केलं. गुहेतल्या वस्तू मोजक्याच असल्याने जमलं.

छोट्या रूपांची वेगळीच मजा. इंग्रजीत एन, एस, ई, डब्ल्यू. आम्ही ठेवलं उ, द, पू, प. ‘खाली’साठी ‘खा’ ठेवायला गेलो तर ‘खा’ ही आधीच कमांड आहे, जेवण खायची! खड्ड्याच्या काठावर उभं राहून ‘खा’ म्हटलं की हा डबा उघडून बसणार. शेवटी ‘ली’ ठेवलं, ऐकायला विचित्र पण चालतं. आणि ‘उत्तर’. गेम मधूनच हो-नाहीचे प्रश्न विचारतो. मित्राने तिथे भाषांतर केलं होतं, ‘उत्तर?’ काकांनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं उत्तरेला काहीतरी आहे. वाचताना प्रश्नचिन्ह दिसतं, रोबोटच्या आवाजात ते कुठे गेलं कळत नाही. आता तिथे ‘हो की नाही’ असं येतं.

सी शिकणाऱ्यांनी पुढचा भाग जरूर वाचा. पीडीपी-10 चा एक वर्ड 36 बिटचा. सात बिटचं एक अक्षर धरलं तर एका वर्डमध्ये पाच अक्षरं बसतात आणि एक बिट उरतो. म्हणून मूळ ‘अ‍ॅडव्हेंचर’ प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरंच बघतो. मशीन म्युझियममध्ये गेलं तरी नियम राहिला, ‘ओपन अ‍ॅडव्हेंचर’मध्येही पाचचाच हिशेब आहे. पण सीमध्ये पाच अक्षरं म्हणजे पाच बाइट. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, काना-वेलांटीसुद्धा. म्हणजे पाच बाइटमध्ये एक अख्खं व्यंजन आणि पुढच्या चिन्हाचे दोन तृतीयांश! त्यात देवनागरीची सगळी चिन्हं ई-झिरो ए-फोर किंवा ई-झिरो ए-फाइव्ह अशीच सुरू होतात. परिणाम काय? ‘काठी’ आणि ‘किल्ल्या’ या दोन शब्दांचे पहिले पाच बाइट हुबेहूब सारखे. तुम्ही म्हणता ‘काठी घे’, प्रोग्रॅमच्या मते काठी आणि किल्ल्या एकच. ‘दिवा’ आणि ‘दार’ही तसेच. पण ‘दोरी’ वेगळी निघते, कारण तिची मात्रा ए-फाइव्हच्या बाजूला! हे कागदावर मांडून बघा, यूटीएफ-8 परत कधी विसरणार नाही. आम्ही शब्द आधी कोड पॉइंटमध्ये मोडून पूर्णच जुळवायला लावला.

त्यातही ‘पिंजऱ्यात’मधला तो अर्धा र. तो दोन पद्धतीने टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर अर्धं करून, दुसरी साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. डोळस माणसाला हा घोळ दिसूच शकत नाही! काका मात्र अक्षर-अक्षर वाचायला लावून म्हणाले, “इथे हा मध्येच काहीतरी जास्तीचं बोलतोय.” आता गेम दोन्ही रूपं एकाच साच्यात आणून मग जुळवतो.

नवीन माणसाला कमांडची सवय व्हावी म्हणून आम्ही सुरुवातीला एक छोटी सरावाची लेव्हल टाकली, ठाणे ते कल्याण, वर सांगितलेली आठ स्टेशनं. ‘डाऊन’ म्हटलं की पुढे. वर्णनं सगळी कानाची. प्लॅटफॉर्मवर दिव्यांग डब्यापाशी वाजणारं ते बीप-बीप, मुंब्र्याच्या डोंगराला लागल्यावर बदलणारा गाडीचा आवाज. काका म्हणाले पारसिकचा बोगदा पाहिजेच. 1916 चा, जवळजवळ 1.3 किलोमीटरचा हा बोगदा. 2022 मध्ये पाचवी-सहावी लाइन सुरू होईपर्यंत आपल्या फास्ट लोकल त्यातून जायच्या. आत शिरल्यावर कान गच्च व्हायचे आणि त्यावरून त्यांना कळायचं की आता मुंब्रा-कळवा गेलं, ठाणे आलं. आता फास्ट गाडी दुसरीकडून जाते, त्यांना दोन महिने चुकल्यासारखं वाटत होतं म्हणे. तर सरावाच्या लेव्हलमध्ये बोगदा आहे, आणि त्यात दिव्याशिवाय गेलात तर ते 35 टक्के लागू!

आणि दिवा ठेवलाय कुठे? दिवा स्टेशनवर, अर्थात. हा माझा हट्ट. पार्सरची परीक्षाच घ्यायची होती. ‘दिव्याला जा’ म्हणजे स्टेशन. ‘दिवा घे’ म्हणजे वस्तू. पण ‘दिव्याला बघ’? आमचा नियम असा की जाण्या-उतरण्याचं क्रियापद असेल तर जागा, बाकी सगळीकडे वस्तू, आणि हातात दिवा नसताना ‘बघ’ म्हटलं तर विचारायचं, कुठला दिवा, पेटणारा की गाडी थांबते तो? माणूस हे संदर्भावरून न विचारता ओळखतो. प्रोग्रॅमला क्रियापदाची वाट बघावी लागते, आणि मराठीत ते येतं सगळ्यात शेवटी.

भाषांतरात मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा म्हणजे दुसरा भुलभुलैया. गुहेत दोन आहेत. पहिल्यात सगळ्या खोल्यांचं वर्णन अगदी एकच, तिथे वस्तू टाकत टाकत खुणा कराव्या लागतात. दुसऱ्यात प्रत्येक खोलीचं वर्णन तेच शब्द, फक्त क्रम फिरवलेला. इंग्रजीत ते शब्द उलटसुलट करताना वुड्सला कसरत करावी लागली असणार. मराठीत शब्दांचा क्रम लवचिक, त्यामुळे ‘वाकड्या अरुंद वाटांचा गुंता’, ‘अरुंद वाटांचा वाकडा गुंता’, ‘वाटांचा अरुंद वाकडा गुंता’ हे सहज होतं. आणि इथे फार गमतीची गोष्ट झाली. माझी आणि मित्रांची नजर त्या ओळीवरून घसरून जायची, सगळ्या खोल्या सारख्याच वाटायच्या. काकांना पहिल्याच फेरीत कळलं की पहिला शब्द बदलतोय. कान शब्द गाळत नाही. तो भुलभुलैया त्यांनी आमच्या कितीतरी आधी सोडवला. त्यात एक मशीन आहे... नाही, ते सांगत नाही.

आमचं काम अजून अर्धवट आहे. टायपिंगचा प्रश्न सुटलेला नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड अंध माणसाला उत्तम, कारण प्रत्येक बटणाचं अक्षर ठरलेलं. पण काकांची बोटं बँकेतल्या इंग्रजीला सरावलेली, आणि इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी सुचवणाऱ्या कीबोर्डमध्ये शब्दांची यादी उघडते, ती ऐकत बसायला वेळ जातो. म्हणून तूर्तास रोमन लिपीत टाइप केलेली मराठीही चालते. पण मग ‘काठी’मधला ठ कोणी एका पद्धतीने लिहितो, कोणी दुसऱ्या. शिवाय काकांसारखे अजून दोन-तीन खेळाडू हवेत, एका माणसाच्या सवयींवर गेम बेतणं बरोबर नाही. कोणाच्या घरी, चाळीत, ओळखीत स्क्रीन रीडर वापरणारं कोणी असेल आणि त्यांना वेळ घालवायचा असेल, तर कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या प्रोजेक्ट लॅबमध्ये आम्हा तिघांपैकी कोणालाही गाठा. पेन ड्राइव्ह आणा, इंटरनेट लागत नाही, जुन्यात जुन्या मशीनवर चालतं.

काकांचे हा लेख लिहीपर्यंत 430 पैकी 187 झालेत. एक्सेलच्या फाइलमध्ये 96 ओळी भरल्यात. सापाच्या पुढे गेलेत, पण कुठल्या तरी एका खजिन्यापाशी चार दिवस अडकलेत. मला उत्तर माहीत आहे, सोर्स कोड मीच उघडून बसलेली असते. पण जिन्यात भेटले की त्यांची पहिली ताकीद ठरलेली, “एक शब्द बोलू नकोस.”